घरकामाच्या मावशींची दाढ दुखतेय, पुण्यात कमी खर्चात उपचार कुठे होतील?

दाढ काढायची घाई करू देऊ नका. खासगी दवाखान्यात रूट कॅनल आणि वर कॅप म्हटलं की बिल हजारांत जातं, म्हणून गरिबाची वाचण्यासारखी दाढही उपटली जाते. त्यांना दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत न्या: धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला किंवा पिंपरीचं डी. वाय. पाटील. काम विद्यार्थी करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली, आणि दर बरेच कमी असतात. ससूनमध्येही दंतविभाग आहे. खरी अडचण खेपांची. तीन-चार वेळा जायचं म्हणजे तेवढे खाडे! त्या दिवसांचा पगार तेवढा कापू नका. आणि दुखऱ्या दाढेला मिश्री लावत असतील तर ती आधी बंद करायला सांगा. तिने बरं वाटतं, कीड मात्र आत वाढतच राहते.