क्लीव्हलंडमधलं हंगेरियन चर्च बंद का झालं? त्याचा इतिहास काय?

तुम्ही सेंट एमेरिकबद्दल विचारताय असं धरतो. मी काही वर्षं क्लीव्हलंडला नोकरीला होतो. वेस्ट साइड मार्केटमध्ये भाजी घ्यायची आणि मागच्या पार्किंगमध्ये गाडीत ठेवायची, की समोर हेच चर्च.

पोलादाच्या कारखान्यांत राबायला आलेल्या हंगेरियन लोकांनी 1892 साली शहराच्या पूर्वेला, बकआय रोडवर, सेंट एलिझाबेथ उभं केलं. अमेरिकेतला हंगेरियन रोमन कॅथलिकांचा तो पहिला धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चचा भाविकसमुदाय). नदीच्या पश्चिमेकडच्यांसाठी 1904 मध्ये सेंट एमेरिक झालं. एमेरिक म्हणजे इम्रे, हंगेरीच्या इश्तवान राजाचा मुलगा. पुढे हंगेरीतला सोव्हिएत सत्तेविरुद्धचा 1956 चा उठाव चिरडला गेल्यावर निर्वासितांची नवी लाट आली. मग नेहमीचंच: पोरं शिकली, उपनगरांत घरं घेतली.

2009 मध्ये क्लीव्हलंडचे बिशप रिचर्ड लेनन यांनी पन्नासच्या आसपास धर्मग्राम कमी करायचं जाहीर केलं. फादर कमी, पैसा कमी, शहर रिकामं. हिशेब खोटा नव्हता, पण मला तो इथे गैरलागू वाटतो. हा धर्मग्राम वस्तीचा नव्हे, भाषेचा. आसपास हंगेरियन घरं उरली नव्हती हे खरं, पण लोक लांबून गाड्या काढून यायचे. मुलांचे स्काउटही तिथेच जमायचे. आमच्या मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी भाड्याच्या हॉलमध्ये बसायचा, त्यामुळे स्वतःची जागा जाणं म्हणजे काय ते मला वेगळं सांगावं लागलं नाही.

2010 मध्ये दाराला कुलूप लागलं. लोक रडून घरी बसले नाहीत, थेट व्हॅटिकनकडे अपील केलं. मार्च 2012 मध्ये निकाल आला: बिशपांनी चर्चच्याच कायद्यातली प्रक्रिया नीट पाळली नव्हती. एमेरिकसह तेरा धर्मग्रामांचा बंदचा निर्णय रद्द झाला आणि त्याच वर्षी कुलूप निघालं.

त्यानंतर एका रविवारी मी हंगेरियन मिस्सेला (चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेला) मागच्या बाकावर बसलो होतो, पायाशी टोमॅटोची पिशवी. कळलं अक्षर नाही. नंतर खाली हॉलमध्ये एका आजींनी हातावर गरम पोगाचा ठेवला, म्हणजे आपल्या खारी बिस्किटाचा जाडजूड, मऊ भाऊ, आणि विचारलं, "तुमच्याकडे मुलं घरी कुठली भाषा बोलतात?"

मी म्हणालो, "प्रयत्न चालू आहे." त्यांनी दुसरा पोगाचा दिला.