नव्या वकील मैत्रिणीला: घटनेचा चौथा भाग मिटून ठेवू नकोस

काल तुझा याचिकेचा मसुदा वाचला. कुर्ल्याच्या वस्तीसाठी तू थेट राज्यघटनेच्या ‘कलम ४१ चा भंग’ असं लिहिलंयस; म्हणजे काम, शिक्षण आणि सरकारी मदतीच्या हक्काचं कलम. तो परिच्छेद काढ. ते चौथ्या भागातलं, म्हणजे राज्यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी आहे, आणि कलम ३७ स्पष्ट सांगतं की ही तत्त्वं कोर्टातून बजावून घेता येत नाहीत. समोरचा सरकारी वकील पहिल्या मिनिटात हेच कलम वाचून दाखवेल.

पण म्हणून ती तत्त्वं टाकून देऊ नकोस गं. त्याच कलमात पुढे म्हटलंय की देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे.

आपल्याच शहराचा ओल्गा टेलिस निकाल काढ, १९८५ चा. पूर्ण वाच, सारांशावर भागवू नकोस. फुटपाथवरच्या माणसांसाठी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३९(अ) (उपजीविकेचं पुरेसं साधन) आणि ४१ चा आधार घेऊन कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविका आणून बसवली. हक्क २१ चा, त्याला अर्थ दिला चौथ्या भागाने. तुझी मांडणी अशीच हवी. मात्र त्या निकालाने फुटपाथवर राहण्याचा हक्क दिला नाही; पावसाळा संपल्यावर एक महिना, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, हटवण्याची कारवाई थांबवली. वस्तीतल्या बायकांना हे आधीच सांग, खोटी आशा लावू नकोस.

आणि शिक्षणाचं उदाहरण जोड. कलम ४५ मध्ये अर्धशतक पडून असलेलं मुलांच्या मोफत, सक्तीच्या शिक्षणाचं वचन २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने कलम २१अ म्हणून मूलभूत हक्क झालं. सोमवारी नवा मसुदा घेऊन ये, मी फोर्टातच आहे.