हायकोर्टातलं अपील: तुमचे प्रश्न

प्रश्न: शेतजमिनीच्या दाव्यात तालुका कोर्टात हरलो, जिल्हा न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. मुंबई उच्च न्यायालयात साक्षीदार पुन्हा तपासतील का?

नाही. तुमचं हे दुसरं अपील. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 प्रमाणे त्यात कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असावा लागतो. बांध कुणी कोरला, कोणता साक्षीदार खरं बोलला, यात हायकोर्ट सहसा शिरत नाही. दस्ताचा अर्थच चुकीचा लावला असेल किंवा पुराव्यात नसलेल्या गोष्टीवर निकाल दिला असेल, तर मात्र दाद मागता येते.

न्यायमूर्तींपुढे येतात ते खालच्या कोर्टातले कागद. म्हणून मी पक्षकारांना कळकळीने सांगते, सातबारा, फेरफार, पैसे दिल्याची पावती, जे असेल ते दावा चालू असतानाच दाखल करा आणि त्यावर निशाणी, म्हणजे पुरावा म्हणून कोर्टाने दिलेला क्रमांक, पडली का ते स्वतः पाहा. घरच्या ट्रंकेत राहिलेला कागद अपिलात घेतला जाणं फार कठीण.

मुदत 90 दिवसांची आहे. निकालाच्या नकलेसाठी लगेच अर्ज करा. नकलेवर अर्जाची आणि ती तयार झाल्याची तारीख असते. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात.

प्रश्न: अपील दाखल झालं की जमिनीचा ताबा घेणं आपोआप थांबतं ना?

थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज करून आदेश मिळवावा लागतो. या गैरसमजापायी लोकांच्या हातचा ताबा जातो.

प्रश्न: माझी मुलगी एमपीएससीतून न्यायाधीश होण्याची तयारी करतेय. हायकोर्टाचे न्यायमूर्तीही परीक्षेतूनच येतात का?

तिची परीक्षा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाची. हायकोर्टासाठी परीक्षा नसते. किमान 10 वर्षं हायकोर्टात वकिली किंवा तितकीच न्यायिक सेवा झालेल्यांतून मुख्य न्यायमूर्ती आणि दोन सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती नावं सुचवतात. म्हणजे जिल्हा न्यायाधीश झाल्यावर तिलाही ती वाट मोकळी आहे. पुढे राज्य सरकारचं मत, केंद्राकडून चौकशी, मग सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम, म्हणजे सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायमूर्तींचं निवड मंडळ, आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. निवृत्ती 62 व्या वर्षी.

प्रश्न: सरकारला एखादं नाव नको असेल तर?

ते फेरविचारासाठी परत पाठवता येतं. कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या निकालानुसार नेमणूक करावी लागते. 2014 मध्ये संसदेने ही पद्धत बदलून नियुक्ती आयोग आणला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो 2015 मध्ये रद्द केला. फेरशिफारशीनंतर 3 ते 4 आठवड्यांत नेमणूक व्हावी, असं त्याच न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं, तरी नावं रेंगाळतातच. हे मला अक्षम्य वाटतं. मुंबई उच्च न्यायालयात मंजूर पदं 94 आहेत. त्यातली एकेक खुर्ची रिकामी राहते तेव्हा तिच्यापुढची अपिलं दुसऱ्या न्यायमूर्तींच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, चढतात आणि तुमची तारीख लांबते. कॉलेजियमनेही एखादं नाव का निवडलं, का गाळलं, याची कारणं लोकांपुढे नीट मांडायला हवीत.

प्रश्न: सोलापूरहून मुंबईलाच जावं लागेल का?

आता नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत.