‘नो डिस्क’ म्हणतोय देवळातला प्लेअर

प्रश्न : माझे वडील गावात तीस वर्षं भारुडं म्हणत. त्यांच्या नव्वद मिनिटांच्या चार कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. नाथषष्ठीच्या आधी त्यांच्या सीडी करून देवळाला द्यायच्या आहेत. तिथं अजून जुना सीडी प्लेअरच आहे. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू 22.04 (लिनक्स) आहे, पण स्क्रीन गेलाय, म्हणून पुतण्याच्या कॉम्प्युटरवरून एसएसएचनं (नेटवर्कवरून, कमांड टाइप करून) आत शिरतो. माझं खातं त्यानंच नंतर काढून दिलं. यूएसबी रायटर जोडून वोडिम (सीडी लिहिणारा प्रोग्रॅम) चालवलं की ‘परमिशन डिनाइड’. सुडो (मुख्य मालकाचा अधिकार) लावून, फोल्डरची आयएसओ (अख्ख्या सीडीची एकच फाइल) करून एक सीडी काढली, तर प्लेअर म्हणतो ‘नो डिस्क’. रायटर खराब आहे का?
— एक वाचक, पैठण तालुका

उत्तर : रायटर चांगला आहे. खराब असता तर सुडोनंही सीडी निघाली नसती. तुमची दुखणी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आधी परवानगीचं बघू. (कमांड इथं देवनागरीत छापल्यात, तुम्ही इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.) ‘एलएस -एल /डेव्ह/एसआर0’ दिलं की त्या ओळीत रायटरचा मालक ‘रूट’ (सिस्टीमचं मुख्य खातं) आणि गट ‘सीडीरॉम’ दिसेल. उबुंटू टाकताना जे पहिलं खातं होतं ते या गटात आपोआप जातं, मागून काढलेलं जात नाही. मशीनसमोर बसणाऱ्याला सिस्टीम तरीही ड्राइव्ह वापरू देते, पण तुम्ही एसएसएचनं येता, म्हणजे बाहेरचे. तेव्हा ‘सुडो यूजरमॉड -एजी सीडीरॉम’ आणि पुढं तुमच्या खात्याचं नाव. यात ‘ए’ लहान आणि ‘जी’ कॅपिटल, एवढी एकच जागा मोठ्या अक्षराची. तो ‘ए’ विसरलात तर बाकीच्या गटांतून नाव कटतं, त्यात सुडोचा गटही गेला! परभणीत माझं दुकान होतं तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर मी हा पराक्रम केलेला आहे, अख्खी दुपार त्यात गेली. मग लॉगआउट करून परत आत या, त्याशिवाय नवा गट लागू होत नाही. ‘वोडिम -चेकड्राइव्ह डेव्ह=/डेव्ह/एसआर0’ ला रायटरचं नाव-गाव आलं, की हा विषय संपला.

जुन्या पुस्तकांत ‘आयडीई-स्कझी’ आणि ‘डेव्ह=0,0,0’ असलं काही सापडेल. ते लिनक्सच्या 2.4 कर्नलच्या (गाभ्याच्या) काळातलं. मी केलंय ते सगळं, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

आता देवळातला प्लेअर. आयएसओ केलीत म्हणजे तुम्ही फायली भरलेली डेटा सीडी काढली. कॉम्प्युटर ती वाचेल. जुन्या प्लेअरला फाइल म्हणजे काय तेच ठाऊक नाही, त्याला ऑडिओ सीडीचे ट्रॅक लागतात. म्हणून आयएसओ विसरा, डब्ल्यूएव्ही (आवाजाच्या) फायली सरळ वोडिमला द्या. त्या 16 बिट, स्टिरिओ आणि 44100 हर्ट्झच्याच हव्यात. ‘फाइल 01.डब्ल्यूएव्ही’ दिलं की कळतं. कॅसेट उतरवताना बऱ्याचदा 48000 किंवा मोनो होऊन बसतं आणि वोडिम ती फाइल घेत नाही. तसं असेल तर सॉक्स (एस-ओ-एक्स, आवाजाची फाइल बदलणारा प्रोग्रॅम) टाकून घ्या : ‘सॉक्स जुनी.डब्ल्यूएव्ही -आर 44100 -सी 2 -बी 16 01.डब्ल्यूएव्ही’.

एक भारूड, एक फाइल. नावं 01, 02 अशी द्या. नुसतं 1, 2 दिलं तर दहावं भारूड दुसऱ्याच्या आधी वाजतं. ऑडिओ सीडीत एमबी मोजायचे नसतात, मिनिटं मोजायची. 80 मिनिटांचा आवाज साडेआठशे एमबीच्या घरात जातो, तरी 700 एमबीच्या सीडीवर बसतो. तुमची नव्वद मिनिटांची कॅसेट मात्र एका सीडीत मावायची नाही. बाजूगणिक एक सीडी करा, म्हणजे आठ होतील. भारूड मधेच तोडू नका.

मग त्या फोल्डरमध्ये उभं राहून :

वोडिम -व्ही -डमी डेव्ह=/डेव्ह/एसआर0 स्पीड=8 -डीएओ -ऑडिओ -पॅड *.डब्ल्यूएव्ही

‘डमी’मुळं लेझर पेटत नाही, नुसती रंगीत तालीम होते. ती नीट पार पडली की तो शब्द काढून तीच ओळ परत द्या. ‘डीएओ’नं सगळी सीडी एका दमात लिहिली जाते, ते नसेल तर दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता येते, आणि टाळ चालू असताना ती फार टोचते. सीडी-आरच घ्या. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू पुष्कळ जुन्या प्लेअरना दिसत नाही, परत तेच ‘नो डिस्क’.

लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर लाइटीचा भरवशाचा वेळ बघून बसा. लिहिताना लाइट गेली की ती सीडी-आर बाद. माझ्या दुकानातल्या बाद सीड्या एक ओळखीचे शेतकरी नेत आणि ज्वारीवर पाखरं हाकायला दोरीनं टांगत. रायटर मधेच गायब होत असेल, तर त्याला पोर्टची वीज पुरत नाही; दोन तोंडांची यूएसबी केबल लावा.

पहिली सीडी निघाली की आधी देवळात नेऊन त्याच प्लेअरवर पूर्ण वाजवून बघा, मग उरलेल्या सात काढा.