दमट हवेत एसी कूलवर ठेवावा की ड्रायवर?

तुम्ही विचारलंय की हवा दमट असते तर एसी कूलवर ठेवू का ड्रायवर, आणि ड्रायने वीज वाचते का. ड्रायवर ठेवा, म्हणजे हवेतली ओल काढणाऱ्या मोडवर. वीजही सहसा वाचते, कारण कॉम्प्रेसर सलग चालत नाही. पण दमट हवेत वीज हा मुद्दा दुसरा, आणि हे मी इतक्या ठामपणे का सांगतोय ते ऐका.

बाबा न्यूमोनियातून उठून घरी आले तेव्हा दादाने त्यांच्या खोलीत एसी बसवला. खोली लहान आणि एसी दीड टनाचा, म्हणे मोठा घेतला की झटपट गार होतं. होतं ना, तिथेच तर घोळ आहे! सेट केलेलं तापमान पटकन आलं की कॉम्प्रेसर बंद पडतो पण पंखा फिरतच राहतो, मग कॉइलवर, म्हणजे आतल्या गार नळ्यांवर, जमलेलं पाणी पाइपातून बाहेर जायच्या आधीच वाफ होऊन परत खोलीत येतं. खोली गार, पण ओलसर. चादर दमट, अंग चिकट, आणि चिकट वाटलं की दादा रिमोट उचलून 24 चं 22 करणार, 22 चं 20. बाबा दोन पांघरुणांत कुडकुडतायत आणि तरी मानेला घाम. दार जरा उघडं राहिलं की आरशावर पाणी, कारण बाहेर 30 डिग्री आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर 26 च्या खाली गार झालेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरणारच. कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी आली. छातीच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या खोलीत बुरशी!

मी म्हटलं ड्राय लाव. दादा म्हणाला, ड्राय म्हणजे रिमोटवर बटणं वाढवायला काढलेली युक्ती, त्यात गार होतच नाही. हेच वाक्य मी आजही दहा जणांकडून ऐकतो आणि दर वेळी डोकं फिरतं. अरे, एसी जन्माला आला तोच दमटपणासाठी. 1902 मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे, दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसायचे नाहीत म्हणून.

शेवटी मी आर्द्रता मोजायचं छोटं मीटर आणून बाबांच्या उशाशी ठेवलं. कूलवर 20 ला आकडा सत्तरीच्या वर. दारं-खिडक्या लावून ड्राय सुरू केला तर थोड्या वेळात साठच्या खाली, आणि तापमान 25-26. बाबांनी वरचं पांघरूण स्वतःच काढलं. ड्रायमध्ये पंखा मुद्दाम हळू ठेवलेला असतो, त्यामुळे हवा कॉइलवर रेंगाळते, जास्त गार होते आणि जास्त पाणी सोडते. बऱ्याच एसींमध्ये ड्रायवर पंख्याचा वेग बदलता येत नाही, तो बिघाड नव्हे. घाम वाळायला लागला की 26 लाही छान वाटतं, 18 लागतंच कशाला?

हां, पण भर दुपारी खोली तापलेली असेल तर ड्रायच्या भरवशावर बसू नका, आधी कूलवर 24-25, पंखा ऑटोवर, आणि उकाडा उतरला की ड्राय. कूलमध्येही पाणी निघतंच, फक्त एसी खोलीच्या मापाचा हवा. हवा मुळात कोरडी असेल तिथे ड्राय लावू नका, घसा सुकेल. आर्द्रता 40 ते 60 मध्ये राहिली की पुरे. फिल्टर धुवा, पाण्याचा पाइप तुंबलेला नाही ना बघा, नाहीतर कुठलाही मोड लावा, ओल तशीच.

दादाचं अजून म्हणणं आहे की बाबा औषधांनी बरे झाले, ड्रायने नाही. औषधांनीच झाले, मी कधी नाही म्हटलं? पण भिंतीवरची बुरशी औषधांनी गेली नाही. एकदा पुसून काढली ती परत धरली नाही, कारण मग खोलीची हवा साठच्या वर जाऊच दिली नाही. तुमच्या घरातही कोणी 18 वर अडून बसलं असेल तर तोंडी वाद घालू नका, मीटर आणा, एक रात्र त्यांच्या मनासारखं कूलवर चालवा आणि सकाळी तो आकडा त्यांनाच वाचायला लावा, दुसऱ्या रात्री ड्रायवर.