जुन्या स्पीकर-ड्रायव्हरपासून बनणाऱ्या सबवूफरवर साडेएकतीस हजार खर्च करावेत का?

ठाण्याच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 41, हातात येणारा पगार दरमहा 68,000 रुपये. गृहकर्जाचा हप्ता 22,000, घरखर्च 30,000 आणि एसआयपी 8,000 जाऊन महिन्याला 8,000 उरतात. अडीअडचणीसाठी 1,10,000 रुपयांची मुदत ठेव आहे. 2008 साली पहिल्या गाडीत बसवलेला 12 इंची सबवूफर ड्रायव्हर (म्हणजे खालचे, घुमणारे सूर वाजवणारा, बॉक्सशिवायचा स्पीकर) गाडी विकताना त्यांनी जुन्या बॉक्स आणि अँप्लिफायरसह काढून ठेवला, आणि आता त्याच्याभोवती नवा बॉक्स बनवून तो दिवाणखान्यात वाजवायचा आहे. ड्रायव्हरच्या कडेचा मऊ फोम बदलण्याचे 2,500, अँप्लिफायरचे 17,500, सुताराचे साहित्यासह 9,000 आणि किरकोळ 2,500 असा 31,500 रुपयांचा अंदाज त्यांनी काढला आहे. हा खर्च 40,000 रुपयांच्या दिवाळी बोनसमधून करावा, की 24,000 रुपयांचा तयार सबवूफर बारा बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावा, असे ते विचारतात.

पत्रातल्या एका वाक्यापासून सुरुवात करतो. आपण लिहिता, “ड्रायव्हर घरचाच असल्यामुळे दहा-बारा हजार वाचतात.” हे पैसे आपण 2008 मध्येच खर्च केलेले आहेत आणि आजच्या निर्णयात त्यांना जागा नाही. आज तुलना एवढीच आहे की एका बाजूला वॉरंटी नसलेला 31,500 रुपयांचा प्रकल्प आहे आणि दुसऱ्या बाजूला वॉरंटीसह येणारी 24,000 रुपयांची वस्तू. बचत हे कारण त्यामुळे बाद होते. आपल्या हातून काहीतरी घडवण्याचा आनंद आणि त्या ड्रायव्हरविषयीचा जिव्हाळा ही कारणे मात्र उरतात, आणि ती मला पुरेशी वाटतात. हीच रक्कम दहा वर्षे गुंतवली तर किती होईल, हे गणित मी मुद्दाम मांडत नाही, कारण आपली एसआयपी नियमित चालू आहे आणि छंदावरचा प्रत्येक रुपया त्या तराजूत तोलू लागलो तर कोणताच छंद टिकणार नाही.

माझा आक्षेप खर्चाच्या क्रमाला आहे. आपण आधी सुताराला आगाऊ रक्कम द्यायला निघाला आहात, आणि ही चूक मी स्वतः केलेली असल्याने कळकळीने लिहितो. 1990 च्या दशकातल्या एका ड्रायव्हरसाठी मी आधी बॉक्स करून घेतला. ड्रायव्हर बसवताना कोनाच्या, म्हणजे पुढेमागे हलून आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, कडेचा फोम बोटाच्या नुसत्या स्पर्शाने काळा, चिकट भुगा होऊन हातात आला, आणि तो बदलल्यानंतर कळले की व्हॉइस कॉइलच, म्हणजे कोनाला हलवणारी तारेची गुंडाळीच, घासत होती. बॉक्सचे पैसे गेले ते गेलेच. दमट हवेत फोम पंधरा-वीस वर्षांत कुजणे नेहमीचेच आहे, आणि आपला ड्रायव्हर तर कित्येक वर्षे माळ्यावर पडून होता.

म्हणून पहिला टप्पा तीन हजारांचा ठेवा. आपल्या ड्रायव्हरला दोन कॉइल आहेत; मल्टिमीटरने दोन्हींचा रोध (ओहममध्ये) मोजा; चार ओहमच्या कॉइलला तो साधारण तीन ते चारच्या दरम्यान यायला हवा आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर टेकवून तो हळूच सरळ आत दाबा आणि कान जवळ नेऊन घासल्याचा आवाज येतो का ते ऐका. एवढे ठीक असले तरच फोम बदलून घ्या. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी केलीत तर हे काम करणारे कारागीर सापडतील. या टप्प्यावर ड्रायव्हर नापास झाला तर आपले फार तर तीन हजार गेलेले असतील आणि तयार सबवूफरचा मार्ग मोकळाच राहील.

दुसरा टप्पा अँप्लिफायरचा. इथे एक तांत्रिक बाब थेट खिशाशी निगडित आहे. आपल्या ड्रायव्हरच्या दोन्ही कॉइल चार-चार ओहमच्या आहेत. त्या समांतर जोडल्या तर दोन ओहम होतात आणि एकापुढे एक जोडल्या तर आठ. आपण पाठवलेल्या अँप्लिफायरच्या माहितीपत्रकात किमान चार ओहमची अट आहे, म्हणजे आपल्याला आठ ओहमची जोडणी करावी लागेल आणि चार ओहमला लिहिलेल्या वॅटच्या साधारण निम्मेच वॅट मिळतील. तेव्हा घेताना आठ ओहमचा आकडा विचारा. गाडीतलाच अँप्लिफायर वापरण्याचा पर्यायही आपण सुचवला आहे, पण 250 वॅट देताना तो 12 व्होल्टवर तीस अँपियरहून अधिक प्रवाह ओढू शकतो. तेवढा प्रवाह देणारा चांगला वीजपुरवठा विकत घ्यावा लागेल, त्याच्या पंख्याचा आवाज दिवाणखान्यात सोसावा लागेल, आणि एवढे करूनही हाती जुनाच अँप्लिफायर राहील. नवा घ्या, परंतु तो बॉक्सच्या पाठीत न बसवता वेगळा ठेवा, म्हणजे ड्रायव्हर गेला तरी तो दुसरीकडे वापरता किंवा विकता येईल.

नवा बॉक्स करण्याआधी महिनाभर ड्रायव्हर गाडीतल्या 30 लिटरच्या जुन्या बॉक्समध्येच घरी वाजवून पाहा. गाडीची लहान, बंद केबिन खालच्या सुरांना आपोआप उचलून धरते. दिवाणखाना तेवढी मदत करत नाही. त्यामुळे गाडीतल्या त्या आवाजाची आठवण मनात ठेवून हजारो रुपये खर्च केल्यास निराशा होऊ शकते. या महिन्यात आवाजाची कल्पना येईल, शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत किती धमक पोहोचते तेही समजेल, आणि मुख्य म्हणजे आपण तो खरोखर किती वेळा लावता हे कळेल.

मग सुतार. आपण कंपनीच्या जुन्या कागदावरून 85 लिटरचा, 28 हर्ट्झला जुळवलेला पोर्टेड (हवा आतबाहेर जाण्यासाठी नळी असलेला) बॉक्स आखला आहे. मी सीलबंद (नळी नसलेला, हवाबंद) बॉक्स सुचवतो, आणि त्यामागचे कारण पैशाचेच आहे. कागदावर अनुनाद (ज्या सुरावर कोन आपसूक डोलतो तो) 30 हर्ट्झ, क्यूटीएस (ते डोलणे किती सैल राहते याचा आकडा) 0.50 आणि व्हीएएस (कोनाच्या आधाराइतकीच लवचिक असणाऱ्या हवेचे आकारमान) 60 लिटर आहे. 60 लिटरच्या सीलबंद बॉक्समध्ये बॉक्ससह एकूण क्यू (तोच सैलपणाचा आकडा) 0.71 आणि अनुनाद 42 हर्ट्झ येतो, म्हणजे आवाज अगदी नेटका. आता समजा, नवा फोम थोडा ताठ निघाला आणि अनुनाद 34 हर्ट्झवर गेला. तेव्हा क्यूटीएस 0.57 आणि व्हीएएस 47 लिटरच्या आसपास जाईल, तरीही त्याच बॉक्समध्ये क्यू 0.76 आणि अनुनाद 45 हर्ट्झ येईल, आणि हा फरक कानाला जेमतेम जाणवेल. पोर्टेड बॉक्सची नळी मात्र जुन्या आकड्यांना बांधलेली असते. आकडे सरकले की ती चुकीच्या जागी जोर देते, आणि जुळवलेल्या सुराच्या खाली कोनावर हवेचा लगाम राहत नाही. उद्या हा ड्रायव्हर निकामी झाला तरी 60 लिटरच्या सीलबंद बॉक्समध्ये दुसरे अनेक 12 इंची ड्रायव्हर चालू शकतील. जुना ड्रायव्हर गेला म्हणून बॉक्सही वाया जाईल, असे होणार नाही.

चुंबकाची आणि आतल्या आधारपट्ट्यांची जागा धरून आतले माप 40 गुणिले 40 गुणिले 39 सेंटिमीटर ठेवा; ते 62.4 लिटर होते. 18 मिलिमीटर एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाच्या) आठ बाय चार फुटी तक्त्याचा निम्म्याहून कमी भाग लागतो, समोरची फळी दुहेरी केली तरीही. सुताराला पूर्ण तक्त्याचे पैसे देऊ नका, आणि सनमायकाऐवजी रंग द्या. यातून बॉक्स 6,000 आणि किरकोळ खर्च 1,500 पर्यंत उतरवता येईल.

म्हणजे तपासणी आणि फोम 3,000, अँप्लिफायर 17,500, बॉक्स 6,000 आणि किरकोळ 1,500 मिळून 28,000 होतात. बोनसमधले 20,000 आधी मुदत ठेवीत टाका. हप्त्यासह आपला महिन्याचा खर्च 52,000 असताना 1,10,000 रुपये जेमतेम दोन महिने पुरतात, आणि वडिलांच्या शस्त्रक्रियेचा आपण केलेला उल्लेख पाहता मला ही बाब सबवूफरपेक्षा अधिक चिंतेची वाटते. उरलेल्या 20,000 मध्ये तपासणी, फोम आणि अँप्लिफायरचे 20,500 जवळजवळ बसतात. बाकीचे 8,000 पुढच्या दोन महिन्यांच्या शिलकीतून चार-चार हजार काढून जमवा. तेवढ्यात जुन्या बॉक्सवरचा चाचणीचा महिनाही पूर्ण होईल.

बिनव्याजी हप्त्यांविषयी एवढेच सांगतो की त्यात व्याजाइतकी सूट विक्रेता देतो, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी येते. वार्षिक 15 टक्के दर धरला तर 24,000 वर हे पाचशे ते सहाशे रुपये होतात. रक्कम मोठी नाही, मात्र महिन्याला 8,000 उरणाऱ्या घरात 2,000 चा आणखी एक हप्ता वर्षभर अडकवून ठेवणे मला पटत नाही. ड्रायव्हर पहिल्याच तपासणीत नापास झाला आणि तयार सबवूफर घ्यायची वेळ आली, तर तोही बोनसच्या उरलेल्या रकमेतून आणि दोन महिन्यांच्या शिलकीतून, रोखीनेच घ्या.