विहीर मोजून अभ्यास होतो का?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे. आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. नव्या सरांनी प्रत्येक मुलाला स्वतःचा एक प्रश्न शोधायला सांगितलंय. हिचा प्रश्न, 'शेजारच्या बोअरमुळे आपल्या विहिरीचं पाणी खाली जातं का?' तीन आठवडे झाले, दोरीला दगड बांधून रोज विहीर मोजते. धडे मागे पडलेत. बोअर भाऊबंदांची, त्यांनाही हे खटकायला लागलंय. तिचे वडील म्हणतात, तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालू. काय करावं?
– एक आई

उत्तर : ताई, आधी तिची वही मागून घ्या आणि निवांत वाचा. तिने तारीख, वेळ आणि पाण्याची पातळी स्वतःच्या हाताने लिहिली असेल, तर तिला तिथून हलवू नका.

मी २८ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. सुरुवातीची बरीच वर्षं उत्तरं सांगण्यातच गेली. एकदा 'मूळ जमिनीत खाली जातं' असं सांगून मी पुढच्या ओळीवर गेले, तर मागे बसणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, बी उलटं पडलं तर?" दुसऱ्या दिवशी काचेच्या ग्लासात ओला टीपकागद लावून वालाच्या चार बिया चार दिशांना ठेवल्या. सगळी मुळं वळून खालीच गेली. मग तिने ग्लासच आडवा केला. दोन दिवसांत मुळांची टोकं पुन्हा खाली वळली! हे तिला कुणी सुचवलं नव्हतं. त्याच आठवड्यात तपासणी झाली आणि फळा कोरा म्हणून मला शेरा मिळाला. तो अजून सलतो.

सरकारी शाळेत असलं शिक्षण जमत नाही, हे मला मान्य नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली १६ शाळांत सहावी ते आठवीची मुलं प्रयोग करून विज्ञान शिकू लागली. पुढे हा कार्यक्रम जिल्हाभर आणि बाहेरही पसरला. परीक्षेला पुस्तक उघडायची मुभा होती, आणि प्रयोगाचीही परीक्षा असे. 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला मुलं पत्रं लिहून प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरं मिळत. आपल्या पुण्यात पुढे खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता १९७८ साली तिथेच गेले होते. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी तिथे आकार जोडून दाखवले. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. मला ते फार मोठं नुकसान वाटतं.

आता तुमच्या विहिरीकडे येऊ. नुसती पातळी मोजून तिला उत्तर मिळणार नाही. दगड रोज त्याच वेळी, काठावरच्या एकाच खुणेपासून सोडायला सांगा. शेतीची लाइट किती वाजता आली, किती वाजता गेली, हे लिहायला सांगा, कारण बोअर तेव्हाच चालते. तुमची मोटर कधी चालली, तेही लिहायला हवं; नाहीतर स्वतःच उपसलेल्या पाण्याचा दोष शेजाऱ्यावर जाईल. आणि जवळपास बोअर नाही अशी एक तिसरी विहीरही मोजायला हवी. तीही तेवढीच उतरत असेल, तर कारण दुसरं आहे. विहिरीला कठडा नसेल तर मोठं माणूस सोबत हवंच, यात तडजोड नको.

भाऊबंदांना टाळू नका. बोअर सुरू-बंद करायच्या वेळा त्यांच्याच मुलाकडून लिहून घ्या. तो वहीत आला की ही चौकशी दोन्ही घरांची होते.

धड्यांची काळजी खरी आहे. सरासरी आणि आलेख या वहीतून होतील, सरांना तसं करून घ्यायला सांगा. पण इंग्रजी, मराठी व्याकरण विहिरीतून येणार नाही. त्याचे तास कोणत्या दिवशी भरून काढणार, हे सरांना शाळेत जाऊन विचारा. तो तुमचा हक्क आहे. शाळा बदलायचं द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत थांबवा. तोवर तिसऱ्या विहिरीचे आकडे हातात येतील. ते मला नक्की कळवा.